कोटा फरशी, ट्यूबलाइट आणि फिका रंग : धुळ्यातल्या एका घराचं प्रकरण

हे घर धुळ्याच्या देवपूर भागातलं. घरच्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावांऐवजी घरातल्या हाका तेवढ्या ठेवल्यात. रंग कोणत्या कंपनीचे होते ते मुद्दाम सांगत नाही, कारण इथे जे घडलं ते कुठल्याही कंपनीच्या डब्याने घडलंच असतं.

पार्श्वभूमी

कॉलनीतल्या प्लॉटवर १९९० च्या दशकात बांधलेलं बैठं घर. दार उत्तरेला. पुढे पोर्च, त्यामागे हॉल, मधे एक आतली खोली, मागे स्वयंपाकघर आणि पश्चिमेच्या अंगाला बेडरूम. पोर्चसमोर चांगला घेरदार कडुनिंब. सगळ्या घरात कोटा फरशी, हिरवट करडी, वर्षानुवर्षांच्या पोछ्याने चकचकीत झालेली. दारं-चौकटी सागवानी, वॉर्निशने तांबूस. फरशी आणि सागवान बदलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. तो विचारच कुणाच्या डोक्यात नव्हता. पुढे सगळं प्रकरण याच दोन गोष्टींभोवती फिरलं.

घरात आप्पा (नोकरीतून निवृत्त), माई, आप्पांची आई म्हणजे आजी, मुलगा, सूनबाई आणि तीन वर्षांची नात. मुलगा-सूनबाई काही वर्षं पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून परत आलेले, त्यांच्या फोनमध्ये घरांचे फोटो साठवलेले. आप्पांच्या मनात बदामी, कारण या घराला आजवर बदामीच लागला होता, आधी डिस्टेंपर आणि नंतर इमल्शन. आजींची उमेदीची वर्षं साक्रीकडच्या धाब्याच्या घरात गेली. वर मातीचं धाबं, सागाचे खांब आणि सणासुदीला भिंतींना पांढऱ्या मातीचा हात. रंगाचं बोलणं निघालं की आजी त्या भिंतीशी तुलना करत असतात, हे घरातल्यांच्याही ध्यानात बऱ्याच उशिरा आलं.

आणि मुदत होती. यंदा घरी कानबाई, म्हणजे खान्देशातली देवी, बसणार होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचा, घाट असतो, भाऊबंद जमतात. त्याआधी घर रंगवून लख्ख करायची खान्देशातली रीतच आहे. म्हणजे काम श्रावणाच्या आत संपवायचं होतं, आणि विचार सुरू झाला होता एप्रिलमध्ये.

अडचण

"भडक नको" यावर घरात एकमत होतं. फिका, डोळ्याला शांत, कशावरही खपून जाईल असा रंग सगळ्यांनाच हवा होता. एवढं एकमत असल्यावर काम आठवड्यात सुटेल असं वाटतं. प्रत्यक्षात भडक रंग ठरवणं सोपं असतं. निळा हवा की हिरवा, एवढाच वाद. फिक्या रंगांत प्रत्येकाच्या पोटात दुसरा एक रंग दडलेला असतो, पिवळा, गुलाबी, हिरवा किंवा निळा. शेडकार्डच्या बोटभर तुकड्यावर तो दिसत नाही. भिंतभर लागला की उठून दिसतो.

मुलाने एक राखाडी निवडला होता. फोटोत तो उबदार, किंचित मातकट दिसत होता. दुकानातून एक लिटर बनवून आणला आणि हॉलच्या भिंतीवर मधोमध दोन हात मारले. संध्याकाळी ट्यूब लावली तर भिंतीवर निळसर, सिमेंटसारखा चौकोन. आजी खाटेवरून म्हणाल्या, "आरे, हाऊ ते राखना रंग शे!" सणाच्या तोंडावर घरात राखेचं नाव निघालं म्हणजे तो रंग संपलाच. सूनबाई म्हणाल्या, मग सरळ पांढरा लावू. आप्पा म्हणाले, पांढरा म्हणजे दवाखाना. तिथे घोडं अडलं, आणि मग रंगाचा सल्ला द्यायला मला बोलावणं आलं.

मी गेले तेव्हा भरदुपार होती. इथलं उन्हाळी घर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. अकरा वाजले की दारं-खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, कूलरचा घों-घों आवाज आणि दिवसाढवळ्या ट्यूबलाइट. बाहेर पारा चाळिशीच्या वर, अंगणात डोळे उघडवत नाहीत, आणि आत चार भिंतींवर फक्त ट्यूबचा उजेड. मार्चअखेरीपासून मृगापर्यंत घरातली माणसं जागेपणी आपल्या भिंती बहुतेक वेळ याच उजेडात बघतात.

रंगाबद्दलचे सल्ले आपण जिथून वाचतो, तिथे पहिलं वाक्य असतं की नमुना दिवसाच्या नैसर्गिक प्रकाशात बघा. ते सल्ले बहुतेक अशा देशांत लिहिलेले असतात जिथे लोक ऊन घरात यावं म्हणून खिडक्या मोठ्या करतात. आपण साधारण २१ अक्षांशावर राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि पुढे काही आठवडे किंचित उत्तरेलाच असतो. उत्तरेच्या खोलीत ऊन येतच नाही हा नियमसुद्धा इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीला लागतं. या घरात पोर्च आणि कडुनिंबामुळे तेही अडलं होतं.

राखाडी निळा का दिसला, याची कारणं एकात एक गुंतलेली होती. उत्तरेकडून येणारा उजेड आभाळाचा, म्हणजे मुळातच निळसर. घरातल्या सगळ्या ट्यूब ६५०० केल्विनच्या (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). दुकानात काही न सांगता ट्यूब मागितली तर सहसा हीच पांढरी-निळी ट्यूब हातात पडते. तिसरं कारण सहज नजरेतून सुटतं. नमुना जुन्या बदामी भिंतीवर मारला होता. पिवळसर रंगाच्या मधोमध राखाडी ठेवला की डोळा त्याला निळ्याकडे ढकलतो. तोच डबा पांढऱ्या कागदावर मारून बघितला तेव्हा तो तितका निळा नव्हता. रंग वाईट नव्हता, पण तो चुकीच्या जागी आणि चुकीच्या शेजाऱ्यांत बसला होता.

समोरचे पर्याय

बदामी परत लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि बिनवादाचा मार्ग होता. जुन्यावर जुनाच रंग बसतो, धूळ कमी दिसते, आप्पा खूश. पण बदामीत पिवळा भरपूर, कोटा फरशीत हिरवट करडा, आणि वर निळी ट्यूब. तिन्ही एकत्र आले की भिंतीचा खालचा भाग मळकट पोपटी दिसतो. इतकी वर्षं ती भिंत तशीच दिसत होती. सवयीने कुणाला जाणवत नव्हतं.

पांढराशुभ्र हा सूनबाईंचा पर्याय. फोटोत उत्तम. इथे मात्र काळ्या मातीचा मुलूख आहे. उन्हाळ्यात वावटळी उठल्या की खिडकीच्या फटीतून बारीक धूळ येते, स्कर्टिंगच्या वर आणि बटणांभोवती बसते. घरात तीन वर्षांचं पोर. शिवाय पांढऱ्या भिंतीशेजारी कोटा आहे त्याहून हिरवा दिसतो, हे पांढरा कागद फरशीवर ठेवून लगेच दाखवता आलं. पांढऱ्याने घर थंड राहील, असंही एक मत घरात होतं. गच्चीला आणि बाहेरच्या भिंतीला पांढरा लावला तर ऊन परत फेकलं जातं, तिथे फरक पडतो. आतल्या भिंतीच्या रंगाने खोलीचं तापमान बदलत नाही. फार तर डोळ्याला थंड वाटतं.

तिसरा पर्याय राखाडीचा, तो घराने नाकारलेला. मी मात्र तो डबा फेकू दिला नाही.

चौथा मोतिया आणि वाळूच्या मधला. पांढऱ्यात थोडा करडा, थोडा मातकट आणि अगदी चिमूटभर तांबूस. यातही दोन छटा समोर होत्या, एक गुलाबीकडे झुकणारी आणि दुसरी वाळूकडे. शेडकार्डावर दोघींत फरक सांगता येत नव्हता. अशा वेळी त्याच पट्टीतला सगळ्यात गडद रंग बघावा. फिक्यात जे लपलेलं असतं ते गडदात उघड होतं. पहिलीच्या तळाशी विटकरी गुलाबी निघाला, दुसरीच्या तळाशी ओल्या वाळूचा रंग.

सगळ्या घराला एकच रंग की खोलीगणिक वेगळा, हाही प्रश्न होता. मिस्तरींना एकच हवा होता, काम सोपं जातं. आप्पांनाही, डबे उरत नाहीत म्हणून.

निर्णय कसे झाले

पहिला निर्णय रंगाचा नव्हता. रंग कोणत्या उजेडात ठरवायचा ते आधी ठरवलं. हार्डबोर्डचे दोन बाय दोन फुटांचे तुकडे कापले, पांढरा प्रायमर मारला, प्रत्येकावर कडेपर्यंत एकेका रंगाचे दोन हात. भिंतीवर नमुने मारले नाहीत, म्हणजे जुना बदामी मध्ये आला नाही. बोर्ड फरशीवर स्कर्टिंगला टेकवून, सागवानी चौकटीशेजारी उभे केले. इमल्शन वाळल्यावर किंचित गडद होतं, चुना आणि डिस्टेंपर वाळल्यावर उजळतात. आप्पांची नजर डिस्टेंपरची असल्याने ओल्या बोर्डाकडे बघून ते "अजून फिका पडेल" म्हणत होते. म्हणून वाळेपर्यंत कुणी मत द्यायचं नाही असं ठरलं.

मग सकाळी दारं उघडी असताना, दुपारी घर बंद करून ट्यूबखाली आणि रात्री, असे बोर्ड सगळ्यांनी बघितले. मतभेद झाले तर बंद घरातल्या दुपारचं मत धरायचं, असा नियम मी घातला. आप्पांना तो विचित्र वाटला. पण उन्हाळ्यात पाहुणे येतात, सुट्टीत नातवंडं जमतात, आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, तेव्हा घर असंच बंद असतं.

गुलाबीकडची छटा पहिल्याच दुपारी बाद झाली. हिरवट फरशीशेजारी ती सरळ गुलाबी दिसायला लागली. हिरव्याशेजारी डोळा गुलाबी शोधतोच. वाळूकडची टिकली. सकाळी मोतिया, दुपारी ट्यूबखाली थोडी निस्तेज, रात्री ठीक. निस्तेजपणाचा दोष रंगाचा की ट्यूबचा, हे बघायला शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ४००० केल्विनची एक ट्यूब आणून लावली. भिंत एकदम जागेवर आली. आप्पा म्हणाले, "ताई, लाइट डिम झाली." उजेड तितकाच होता, निळेपणा कमी झाला होता. त्यांना पटेना. शेवटी हॉलमध्ये ४०००, आणि आप्पा पेपर वाचतात त्या कोपऱ्यात जुनीच पांढरी ट्यूब वेगळ्या बटणावर, असा तोडगा निघाला. सौंदर्याच्या दृष्टीने हा तोडगा मला आजही खुपतो, पण पेपर मी वाचणार नाही, ते वाचणार आहेत.

दुसरा निर्णय पश्चिमेच्या बेडरूमचा, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा. हॉलमध्ये जिंकलेला वाळूचा बोर्ड तिथे नेला. दुपारी खिडकी बंद असेपर्यंत छान. पाचनंतर कूलरसाठी खिडकी उघडली, ऊन तिरपं आत आलं आणि बोर्ड पीच झाला, सहाच्या सुमारास जवळजवळ केशरी. मग मुलाचा नाकारलेला राखाडी तिथे उभा केला. त्याच पिवळ्या उन्हात त्याचा निळेपणा विरला आणि मुलाने फोटोत जो उबदार राखाडी पाहिला होता तोच समोर दिसला. हॉलमध्ये ज्याला राख म्हटलं, तोच रंग या खोलीत सगळ्यांना आवडला. आजींना काही सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच बघितलं आणि मान हलवली.

इथे एक प्रश्न मुलाने विचारला तो रास्त होता. दोन खोल्यांत दोन वेगळे फिके रंग लावले तर दारातून बघताना घर तुटक दिसणार नाही का? म्हणून राखाडीचा बोर्ड बेडरूममध्ये आणि वाळूचा हॉलमध्ये ठेवून, मधलं दार उघडून दोन्ही एकदम बघितले. दोघांचा उजळपणा जवळपास सारखा असल्याने आणि मध्ये सागवानी चौकट असल्याने जोड खटकली नाही. रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा काही कंपन्या शेडच्या माहितीत देतात, ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे शुभ्र पांढरा. शेजारशेजारच्या खोल्यांत हा आकडा जवळचा ठेवला तर छटा वेगळ्या असूनही घर एक वाटतं. आकडा नसेल तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही बोर्ड सारखेच करडे दिसले की झालं.

तिसरा आतल्या खोलीचा. तिला बाहेरची खिडकी नाही, फक्त हॉलकडे एक झरोका. ही आजींची खोली. अंधारी खोली म्हणजे पांढरी करा, असं सगळे सांगत होते. पण पांढरा उजेड निर्माण करत नाही, आलेला परत देतो. जिथे उजेड येतच नाही तिथे पांढरी भिंत मळक्या पंचासारखी दिसते. आजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्यांना पांढरा निळसर दिसतो, दुसऱ्याने पिवळसर. एकेक डोळा झाकून त्यांनी आम्हाला हे गंमत म्हणून सांगितलं. त्यावरून ठरलं की इथे अगदी फिका रंग कामाचा नाही. हॉलच्या वाळूच्याच पट्टीतला दोन पायऱ्या गडद रंग घेतला. सगळं एकसारखं फिकं असलं की वयस्कर माणसाला चौकट कुठे संपते, बटण कुठे आहे ते कळत नाही. गडद भिंतीवर पांढरी बटणं दिसतात. बोर्ड बघून आजी म्हणाल्या, "आमनी भीत अशीच व्हती." धाब्याच्या घरातली. आप्पांनी तिथेच होकार दिला.

स्वयंपाकघरात फारसा विचार करावा लागला नाही. ओट्याच्या वर निळसर पांढऱ्या टाइल्स होत्या. त्यांच्याशेजारी कुठलाही मोतिया मळका दिसतो, म्हणून टाइल्सच्या पांढऱ्याच्या जवळ जाणारा पांढरा. छत सगळीकडे साधं पांढरं.

काम

वेळेचा निर्णय अवघड होता. मेच्या उन्हात काम करावं की पावसाळा सुरू झाल्यावर, कानबाईच्या तोंडावर? उन्हात भिंती तापलेल्या असतात. रोलरचा एक पट्टा मारून दुसरा लावेपर्यंत पहिल्याची कड वाळते आणि भिंतीवर उभे पट्टे राहतात. पावसाळ्यात उलट, पुट्टी लवकर वाळत नाही आणि ओल आत राहते. आम्ही मे निवडला, पण वेळा बांधून. पश्चिमेची भिंत सकाळी सातला सुरू, दहापर्यंत बंद. एका भिंतीवर दोन माणसं, मध्ये विश्रांती नाही, रंगात ठरल्यापेक्षा जास्त पाणी नाही. पंखा आणि कूलर बंद, याबद्दल घरच्यांनी बरंच ऐकवलं. बेडरूमचं काम चालू असताना मुलगा-सूनबाई गच्चीवर झोपत होते. धुळ्यात मेमध्ये ती काही शिक्षा नाही.

बेडरूममधल्या कूलरच्या खिडकीखाली लोणा लागून पोपडे आले होते. कूलरचं पाणी खिडकीच्या तळातून आत झिरपत होतं, पाणी जड असल्याने भिंतीवर पांढरे ओघळ. रंगाच्या आधी कूलर बाहेरच्या स्टँडवर घेतला, तळाला बाहेर उतार दिला, पोपडे खरवडून भिंत वाळू दिली, मगच पुट्टी. मिस्तरी म्हणत होते की तेवढ्याच भागाला धुता येणारा, थोडा चकाकी असलेला रंग मारू. तो पर्याय सोडला. शेड एकच असली तरी चकाकी वेगळी असेल तर तेवढा चौकोन कायम दिसत राहतो. पूर्ण भिंतच त्या धुता येणाऱ्या रंगात घेतली.

खिडक्यांच्या लोखंडी गजांवर आणि स्वयंपाकघराच्या दारावर जुना ऑइल पेंट होता. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कितीतरी आधीच्या या थरांत शिसं किती, ते सांगता येत नाही. ते कोरडे घासले नाहीत, पाणी लावून घासले, खाली पडलेलं ओल्या फडक्याने उचललं, आणि तेवढे दिवस नात मामाच्या गावी होती.

हॉलला एका बादलीत पुरणार नाही म्हणून मोठा आणि छोटा असे दोन डबे लागले. एकाच मशीनवर एकाच शेडचे दोन डबे बनवले तरी बारीक फरक येऊ शकतो. मिस्तरींनी न सांगता दोन्ही एका ड्रममध्ये ओतून ढवळले. असा मिस्तरी मिळणं नशिबाचं. त्यांनीच एकदा सुचवलं होतं की हीच शेड दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त बेसमध्ये, म्हणजे ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात, बनवून घेऊ. दुकानदार मशीनवर जुळवूनही देतो. भडक रंगात ते चाललं असतं. फिक्या रंगात बेसचा पांढरा जरा वेगळा असला की सगळी छटा सरकते, म्हणून नको म्हटलं.

आणि गळती. हॉलच्या एका कोपऱ्यात छताला जुना डाग होता. गच्चीवर पाणी साठवून दिवसभर ठेवलं असतं तर गळती चालू आहे की जुनी, ते मेमध्येच कळलं असतं. पण नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात टँकर मागवून गच्चीवर पाणी ओतणं आप्पांना पाप वाटलं. त्यांचं म्हणणं असं की गेल्या दोन पावसाळ्यांत डाग वाढलेला नाही. डाग अडवणारा प्रायमर मारून पुढे गेलो.

परिणाम

कानबाई हॉलच्या त्याच भिंतीपाशी बसली. रोटांच्या दिवशी घरात चिक्कार माणसं, दिवे, हार, पितांबर नेसवलेली कानबाई, आणि मागे वाळूची भिंत. भिंतीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सूनबाईंना थोडं वाईट वाटलं. मला ते कामाचं प्रमाणपत्र वाटलं.

कोपऱ्यात मात्र ऑगस्टमध्ये डाग परत उमटला. पिवळट कड असलेला, तळहाताएवढा, आणि छतावरून भिंतीच्या वरच्या टोकाला उतरलेला. उरलेल्या रंगाने तेवढाच भाग मारून बघितला तर ठिगळ दिसलं, कारण दोन महिन्यांत बाकी भिंतीवर धूळ बसली होती. शेवटी दिवाळीआधी गच्चीच्या कोपऱ्याची दुरुस्ती करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत पुन्हा मारली. ड्रममधला उरलेला रंग झाकून ठेवला होता, तो जवळपास पुरला.

बेडरूम सगळ्यात यशस्वी ठरली. हिवाळ्यात ऊन आणखी खालून येतं, तेव्हाही ती पीच झाली नाही. आजींच्या खोलीत त्यांचा हात बटणावर आता अंधारातसुद्धा बरोबर पडतो असं माई सांगतात. त्यात रंगाचा वाटा किती आणि सवयीचा किती, देव जाणे.

हॉलमध्ये मॅट रंग घेतला होता, कारण जुन्या प्लास्टरचे उंचवटे चकाकीत उठून दिसतात. नातीचे हात दाराशेजारी कंबरेच्या उंचीवर उमटलेत. ओल्या फडक्याने पुसलं की डाग जातो, पण घासलेली जागा चमकायला लागते.

काय वेगळं करता आलं असतं

ट्यूब सगळ्यात आधी बदलायला हवी होती, बोर्ड बघण्याच्या आधी. ती रंगाच्या एका डब्याहून खूप स्वस्त असते. मुलाने पहिला राखाडी मारला तेव्हा हॉलमध्ये ४००० ची ट्यूब असती आणि नमुना बदामी भिंतीवर न मारता बोर्डावर मारला असता, तर घर महिनाभर अडून राहिलं नसतं. राखाडी हॉलमध्ये तरीही कदाचित चालला नसता, पण त्याला राख कुणी म्हटलं नसतं.

गळतीच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न खरा होता, आणि आप्पांच्या जागी मीही टँकर मागवला नसता. मात्र डागाच्या कोपऱ्याची भिंत दुसऱ्या हाताशिवाय ठेवून पहिले दोन-तीन चांगले पाऊस बघता आले असते. कानबाईला जूनपासून पुष्कळ दिवस होते. एका भिंतीचा दुसरा हात जुलैत, उघाड बघून, एका दिवसात झाला असता. त्यासाठी मिस्तरींना परत बोलवायचं तर आगाऊ बोलून ठेवावं लागतं, कारण श्रावणाआधी धुळ्यात मिस्तरी मिळणं मुश्कील.

हॉलच्या फिनिशबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. तीन वर्षांचं मूल असलेल्या घरात मॅटऐवजी जरा धुता येणारं फिनिश घेऊन उंचवटे सहन करावेत का? की दाराशेजारी कंबरेपर्यंत सागवानी पट्टी लावावी? घरच्यांनी दुसरा मार्ग धरला आहे, सुताराशी बोलणं चालू आहे. पट्टीला वॉर्निश चौकटीच्याच डब्यातलं लावायचं आणि तो डबा सुताराला आधीच नेऊन दाखवायचा, एवढं मी त्यांना सांगून ठेवलंय. शेडचा नंबर आणि तारीख मुख्य बटणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे, हॉलची, बेडरूमची आणि आजींच्या खोलीची वेगवेगळी.